नदीची सोळा कडवी आणि चिमीचं विमान

६ फेब्रुवारी, शुक्रवार. मुडबी.

आजपासून रोज लिहिणार. गेल्या वर्षीची वही चौदा जानेवारीपर्यंतच गेली. त्याला कारणं होती. पेन चांगलं नव्हतं.

राजपालचा बेंगळूरहून फोन. पहिली ते सातवी आम्ही एका बाकावर. म्हणजे बाक नव्हता, तरटपट्टी होती, पण पट्टी एकच. तो पाढ्यांत पहिला, मी कवितेत. पुढं तो टेलिफोन खात्यात गेला आणि मी त्याच शाळेत मास्तर होऊन परत आलो. आता तो अकराव्या मजल्यावर राहतो, पोरगा परदेशात, घरात तो आणि शिवकन्यावहिनी दोघंच. म्हणाला, गुंड्या, नातीला घेऊन ये की, बिदरहून विमान आहे, बसलास की उतरलास. मी म्हणालो, आलोच.

सुमनला सांगितलं. ती म्हणाली, कोन चाललंय, तुमी का तुमची नात? तेव्हा लक्षात आलं की नात सहा महिन्यांची आहे आणि तिला आई लागते. आणि मला सुमन लागते.

निश्चय: १) रोज लिहिणे. २) झोळीच्या कडीत तेल घालणे. (सुमन आठवडाभर मागं लागली आहे.)

७ फेब्रुवारी, शनिवार.

पंचशीलेशी बोलणं झालं. एकुलती लेक, कलबुर्गीला बँकेत अधिकारी. बाळंतपणाला आली ती अजून इथंच आहे. रजा एक मार्चला संपते. जावई नागेशराव बळ्ळारीकडं नोकरीला, पंधरा दिवसांतून एकदा येतात. म्हणजे दोन मार्चपासून चिमीचं काय, हा सध्या घरातला एकच प्रश्न आहे आणि तो मी मनात सोडवून ठेवलेला आहे. चिमी इथं राहील, माझ्याजवळ. लेकीला तेवढं पटवायचं बाकी आहे.

पंचशीला म्हणाली, आईचे गुडघे गेलेत, ती एकटी न्हाई करू शकत. तुमाला लेकराचं काय येतंय अप्पा? मी म्हणालो, झोपवायला येतं. रोज दुपारी एक वाजता चिमीला कोण झोपवतं? ती म्हणाली, झोळी झोपवते. मी हसलो. बँकेतली माणसं. दिसेल तेवढंच मोजतात.

शेवटी अट ठरली. परक्या ठिकाणी, एकट्यानं, सुमननं किंवा पंचशीलेनं हात न लावता, मी चिमीला एकदा झोपवून दाखवायचं. घरी काय, म्हणे, सगळं हाताशी असतंय. बेंगळूरला जमलं तर चिमी मुडबीत राहणार. नाही जमलं तर चिमी कलबुर्गीला. तिथं बसम्मा नावाची सांभाळणारी बाई बघून ठेवलेली आहे.

मी म्हणालो, एकदा कशाला, रोज दाखवतो. सुमन भाकरी थापता थापता काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मी ऐकून घेतलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी २.

मूळ शास्त्र लिहून ठेवतो, पुढं उपयोगी पडेल.

चौथीच्या पुस्तकात नदीची एक कविता होती. सोळा कडवी. सोळाही मला पाठ. इन्स्पेक्टर साहेब शाळेत आले होते तेव्हा मी ती उभ्यानं म्हटली आणि साहेबांनी डोळे मिटून ऐकली. त्या दिवसाचा वास अजून नाकात आहे, नव्या पुस्तकाच्या खळीचा आणि साहेबांच्या बुटांच्या पॉलिशचा.

चिमीला झोपवायची माझी रीत अशी. सुमन तिला पाजून, पुसून, पावडर लावून झोळीत टाकते. मी दोरी हातात घेतो आणि पहिलं कडवं सुरू करतो. नदी डोंगरातून निघते तिथं हलका झोका. तिसऱ्या कडव्यात ती कड्यावरून उडी घेते, तिथं मला राहवत नाही, झोका मोठा होतो. बरोबर त्याच जागी चिमीचे डोळे मिटतात. आज तेरावा दिवस. तेराच्या तेरा वेळा तिसऱ्या कडव्यालाच. सहा महिन्यांच्या लेकराला धबधबा कळतो.

एकच दोष. झोका मोठा झाला की कडी ओरडते. कुंई-कर्र, कुंई-कर्र. पंचशीला जन्मली त्या साली स्लॅब टाकताना मी मुद्दाम ही कडी बसवून घेतली होती, तिच्याच झोळीसाठी. चौतीस वर्षांत तिला तेल माहीत नाही. ऐन धबधब्यात तिची भर पडते आणि लय बिघडते. उद्या नक्की.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.

तिकिटं काढली. म्हणजे पंचशीलेनं मोबाइलवर काढली, मी मागं उभा राहिलो.

विमानात म्हणण्यासाठी नवी कविता सुरू केली आहे:

निळ्या नभाच्या निळ्या अंगणी
चिमी निघाली ढगांमधूनी

तिसरी ओळ येईना. प्रवासाला अजून सहा दिवस आहेत. कविता घाई सोसत नाही.

कडी राहिली. स्टूल अंगणात होतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार.

विमान वर जाताना लेकरांचे कान दुखतात म्हणे. शाळेच्या ग्रुपवर विचारलं. एकोणीस जणांनी एकोणीस उपाय सांगितले, त्यातल्या चौघांनी विमान पाहिलेलं आहे. कापसाचे बोळे हा उपाय मला पटला. पंचशीला म्हणाली, वर जाताना पाजलं की झालं. मी कापूस घेऊन ठेवला. विज्ञान आणि अनुभव, दोन्ही बाजू तयार असाव्यात.

१६ फेब्रुवारी, सोमवार.

सामान भरलं. लेकीची एक बॅग, सुमनची एक पिशवी, त्यात धपाटे, शेंगाचटणी आणि राजपालसाठी खारी बुंदी. माझ्या खांद्याच्या बॅगेत गुपचूप: झोळीची जुनी साडी, वीस फूट दोरी, झोळीचं तोंड उघडं ठेवायची आडवी काठी, गुटी उगाळायची सहाण आणि वेखंडाचं कांड. झोळी नेमकी वेळेला लागली तर हाताशी असावी, म्हणून खालच्या सामानात टाकली नाही. पंचशीलेला आयत्या वेळी आश्चर्य वाटेल.

सुमननं बॅग उचलून बघितली. म्हणाली, यात काय धोंडे भरलाव का? मी म्हणालो, पुस्तकं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. कमठाणा.

विमान सकाळी, म्हणून आजच सुमनच्या माहेरी येऊन राहिलो. इथून बिदर जवळ. मेहुण्यांचं घर नवं, हॉलमध्ये झोपाळ्यासाठी गुळगुळीत स्टीलची कडी. झोळी बांधली. दुपारी नदी सुरू केली. तिसरं कडवं झालं. चौथं झालं. बारावं झालं. चिमी माझ्याकडं बघत राहिली, मग रडायला लागली. शेवटी सुमननं मांडीवर घेऊन थोपटलं.

मेहुणे म्हणाले, बेअरिंगची कडी आहे भावजी, आवाज नाही की काही नाही. मी कौतुक केलं. खरोखर शांत होती, कविता स्वच्छ ऐकू येत होती.

हवापालटामुळं झालं. आजचं धरायचं नाही असं पंचशीलेला सांगितलं. ती म्हणाली, धरत न्हाई. सूर बरा वाटला नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी १०, विमानतळ.

तपासणीच्या पट्ट्यावर माझी बॅग अडकली. बाई पोलिसांनी साडी काढली, दोरी काढली, काठी काढली, सहाण काढली. सहाण बराच वेळ हातात धरून बघितली. मग हिंदीतून विचारलं, ही रस्सी कशाला? मी आपल्या दख्खनीत सांगितलं, बच्ची के वास्ते है मॅडम, इसमें डालके ऊपर बांध देते. त्यानंतर आणखी एक साहेब आले. मग आणखी एक.

पंचशीला चिमीला सुमनकडं देऊन धावत आली, तिनं कन्नडमधून, हिंदीतून आणि इंग्रजीतून काहीतरी सांगितलं. तिन्ही भाषांत माझं वय आलं. दोरी, काठी आणि सहाण खालच्या सामानात गेली. साडी आणि वेखंड मला परत मिळालं. बाई पोलीस जाताना म्हणाल्या, हमारे घर में भी था झूला, अज्जा. भली बाई. तिच्यापुढं पहिलं कडवं म्हणावं असं मनात आलं होतं, पण मागं रांग होती.

पंचशीला माझ्याशी बोलत नाही. ताण आला असेल. पहिलाच विमानप्रवास आहे लेकराचा.

सकाळी ११.४०, आकाशात.

लिहिताना हात हलतो आहे. विमान लहान, आपल्या बसवकल्याणच्या बसएवढं, पण स्वच्छ. बसल्यावर हवाईसुंदरीला विचारलं की झोळी बांधायला वर कडी कुठं आहे. तिनं वरून खाली पडणारा प्राणवायूचा मुखवटा दाखवला. त्याची नळी अगदीच बारीक आहे.

कापूस चिमीच्या कानात घालू दिला नाही. मग वाया कशाला घालवायचा, मी माझ्या कानांत घातला.

उड्डाण अत्यंत शांत. चिमी एकदाही रडली नाही. तोंड उघडं ठेवून सगळीकडं कौतुकानं बघत होती. पंचशीला तिला पाजायचा प्रयत्न करत होती, सुमन खुळखुळा वाजवत होती, पुढच्या रांगेतले लोकसुद्धा वळून वळून तिच्याकडं बघत होते. लेकरू आहेच तसं.

सकाळी ११.५५.

कापूस काढला. वरचा परिच्छेद दुरुस्त करावा लागेल.

दुपारी १२.१०.

सरळ नदी सुरू केली. तिसऱ्या कडव्याला शेजारचे गृहस्थ झोपले. पाचव्याला सुमन झोपली. सातव्याला हवाईसुंदरी येऊन म्हणाली, सर, थोडं हळू. चिमी जागी. नवव्या कडव्याला मागून एक बाई म्हणाल्या, अज्जा, तुमी जरा थांबा बघू, मग ती थांबेल. मी थांबलो. चिमी थांबली. योगायोग.

खाली ढग पसरले होते, पिंजलेल्या कापसासारखे. तिसरी ओळ आलीच होती, तेवढ्यात पट्टा बांधायला सांगितला.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ. बेंगळूर.

राजपाल खाली घ्यायला आला होता. केस गेले, पोट आलं, पण चाल तीच, पाढे म्हणायला उभं राहिल्यासारखी. चिमीला बघून म्हणाला, आगं माझे माय, ही तर गुंड्यावर न्हाई गेली, बरं झालं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ काढला नाही.

त्याला इन्स्पेक्टर साहेबांची आठवण दिली. म्हणाला, तुजी कविता ऐकत डोळे मिटले होते? लेका, साहेब घोरत होते. दहाव्या कडव्याला गुरुजींनी मला खूण केली, मी पाटी पाडली, तवा जागे झाले.

साठ वर्षांनी राजपालला ऐकायला कमी येतं, आणि जे येतं तेही उलटं. पण एका अर्थानं हे माझ्याच बाजूचं आहे. कवितेत झोपवायची शक्ती आहे, हे दुसऱ्या साक्षीदारानंही सांगितलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.

फ्लॅटच्या छताला पीओपी. झोळीला कडी नाही. पंख्याच्या हुकाकडं बघितलं तर सुमन म्हणाली, तिकडं बघू नका.

पण गॅलरीत झोपाळा आहे. राजपालनं मुडबीच्या घराची आठवण म्हणून बापाचा सागवानी झोपाळा इथं आणून टांगला, जुन्या लोखंडी साखळ्यांसकट. दुपारी चिमी रडायला लागली. राजपालनं तिला घेतलं, झोपाळ्यावर बसला आणि पायानं रेटा द्यायला लागला. मी मागं उभं राहून नदी म्हणत होतो. साखळ्या ओरडत होत्या, कुंई-कर्र. त्याला न जुमानता मी धबधब्यापर्यंत पोचलो आणि चिमी झोपली. तिसरं कडवं. घड्याळ लावून घ्यावं.

मी पंचशीलेला म्हणालो, झालं ना? ती म्हणाली, राजपालकाकांनी झोपवलं. मी म्हणालो, कविता कुणाची होती? ती म्हणाली, मांडी कुणाची होती? राजपाल म्हणाला, मला मधी घेऊ नका, माझा पाय झोपलाय.

शेवटी उद्याची वेळ ठरली. दुपारी एक. झोपाळ्यावर मी एकटा, मांडीवर चिमी. बाकी सगळ्यांनी हॉलमध्ये बसायचं, हात लावायचा नाही. उद्या झोपली की चिमी मुडबीची. पंचशीलेनं सगळ्यांसमोर कबूल केलं.

सुमन मात्र गॅलरीत उभी राहून बराच वेळ झोपाळ्याकडं वर बघत होती. विचारलं काय बघतेस. म्हणाली, काय न्हाई.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ९.

परीक्षेच्या दिवशी हलकं खावं. चारच इडल्या.

राजपालला एक विनंती केली. म्हणालो, झोपाळ्याच्या साखळ्या फार ओरडतात, माझ्या लयीला खडा लागतो. त्याला मशीनचं वेड पहिल्यापासून. लगेच बनियनवर स्टूल घेऊन आला, चारही टोकांना तेल सोडलं, वर ग्रीस भरलं. आता झोपाळा लोण्यातून फिरतो. मित्र असावा तर असा.

सुमन आंघोळीला गेली होती. बाहेर आल्यावर तेलाचा डबा बघून मटकन खाली बसली. म्हणाली, कामून केलाव? मी म्हणालो, तुझ्या कडीचंही असंच करणार आहे, घरी गेल्यावर. ती बसल्या जागी डब्याचं झाकण लावायला लागली. गुडघे दुखत असावेत.

दुपारी ३.

लिहायला वेळ मिळाला कारण मला आत पाठवलं आहे.

एक वाजता सुरू केलं. आवाज छान लागला होता. पहिलं कडवं, दुसरं. झोपाळा नुसता तरंगत होता, चिमटीत पकडावी अशी शांतता. तिसरं कडवं आलं. धबधबा कोसळला. चिमीनं माझा चष्मा काढला. सहाव्या कडव्याला रडायला सुरुवात. अकराव्याला खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर बघितलं. सोळा संपली, पुन्हा पहिल्यापासून घेतली. हॉलमध्ये राजपाल झोपला. शिवकन्यावहिनी भाजी निवडता निवडता झोपल्या. दुसऱ्यांदा नदी समुद्राला मिळाली तेव्हा चिमी निळी पडायला आली होती आणि पंचशीला उठून आली. तिनं हात लावला.

मी म्हणालो, आज तिचं पोट बरं नसेल. पंचशीलेनं चिमीला खांद्यावर घेतलं आणि हळूच म्हणाली, अप्पा, जाऊ द्या. तिनं चिडून म्हटलं असतं तर उत्तर देता आलं असतं.

रात्री ९.

संध्याकाळी राजपाल आणि मी खाली बागेत बसलो. मी म्हणालो, दोन मार्चनंतर घर फार मोठं होईल रे. त्यानं खिशातून सुपारी काढून अर्धी दिली. म्हणाला, माजं तर अकराव्या मजल्यावर हाय, तरी मोठंच हाय. नंतर त्यानं एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला. एकदाही चुकला नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार. मुडबी.

काल परत आलो. येताना विमानात कविता म्हटली नाही. चिमी थोडी रडली, थोडी झोपली, सगळ्या लेकरांसारखी. खालचे ढग पाहिले नाहीत, मांडीवर झोळीची साडी घडी करत होतो.

आज दुपारी घरी झोळी बांधली, दोरी ओढली. तिसऱ्या कडव्याला झोपली. कडी ओरडत होती तरी झोपली. पंचशीलेला हाक मारून दाखवलं. ती दारात उभी राहून कडीकडं बघत म्हणाली, मी पण याच्यातच झोपायची ना? मी म्हणालो, व्हय, याच कवितेवर. ती हसली. मला वाटलं अट बदलली. पण नाही, म्हणाली घरचं धरत नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार.

बसम्माबाईंनी निरोप दिला, त्यांच्या सुनेचे दिवस भरलेत, महिनाभर येता येणार नाही. मी मनातल्या मनात त्यांच्या सुनेला आशीर्वाद दिला आणि म्हणालो, म्हणजे चिमी इथं. पंचशीला म्हणाली, म्हणजे आई तिथं.

असं ठरलं. चिमी जाणार, सुमनही जाणार. मी घर सांभाळायचं. घराला सांभाळायची काय गरज आहे, ते काही रडत नाही. मी म्हणालो, मीही येतो. पंचशीला म्हणाली, एका खोलीचं घर आहे अप्पा, नागेश आले की त्यांनाच जागा नसते.

मला एकान्त आवडतोच. कविता पूर्ण होईल. पहाटे उठणे, फिरणे, स्वयंपाक शिकणे.

१ मार्च, रविवार.

दहाच्या गाडीनं गेल्या. चिमीनं जाताना माझं बोट धरलं होतं. सोडवायला सुमनला वेळ लागला. माझंच बोट सुटत नव्हतं असं ती म्हणते.

पायरीवरून सुमन परत आत आली. म्हणाली, दूध रुद्रम्माकडून घ्या, गॅस बंद करत जा, आन त्या कडीला हात लावू नका. मी म्हणालो, घालतो तेल, या वेळी नक्की. ती म्हणाली, न्हाई, नकाच लावू. स्टुलावर चढू नका. गाडीवाला हॉर्न देत होता, ती गेली.

मी स्टुलावर चढू शकत नाही असं तिला वाटतं. एकाहत्तर म्हणजे काय वय आहे?

३ मार्च, मंगळवार.

पहाटे उठलो नाही. भात केला, दोन जणांचा झाला, दोन वेळा खाल्ला.

दुपारी एक वाजता सवयीनं झोळीजवळ जाऊन बसलो. दोरी हातात घेतली. रिकामी झोळी वाऱ्यानंही हलते. तिसरी ओळ नाहीच.

४ मार्च, बुधवार.

आज एक निश्चय पुरा केला. या वहीतला पहिलाच.

स्टूल आतच होतं. शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन चढलो. राजपालसारखं सगळीकडून सोडलं, वरून खोबरेल, कुठं कोरडं राहायला नको. फडक्यानं चौतीस वर्षांचा गंज पुसून काढला. झोळी हलवून बघितली. मांजर चालावं तशी हलली, आवाज म्हणून नाही. पुढच्या महिन्यात चिमी येईल तेव्हा धबधबा पहिल्यांदा नीट ऐकेल. सुमन येईल तेव्हा काही बोलणार नाही, नुसतं वर बोट दाखवीन.

पडलो नाही हेही नमूद करतो.

५ मार्च, गुरुवार. दुपारी १.०५.

सुमनचा फोन. मागं चिमीचं रडणं. तिकडं नवा पाळणा घेतला आहे, गाणी वाजतात, दिवे लागतात. चार दिवस दुपारची झोपली नाही, पंचशीला बँकेतून तीनदा फोन करते, रजा वाढवावी का म्हणून रडते.

सुमन म्हणाली, ऐका. कविता म्हणू नका. फोन झोळीत ठेवा आन दोरी ओढा, मोठे झोके द्या. मी म्हणालो, कशाला? ती म्हणाली, तिला त्या कडीचा आवाज लागतोय. मला राजपालभावजींच्या झोपाळ्यावरच कळलं होतं. मी म्हणालो, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तुमाला वाईट वाटलं असतं.

मग म्हणाली, लावा की लवकर, रडायलीय ती. कॅमेरा लावू का, तुमाला दिसंल? मी घाईनं म्हणालो, नको, इथं नेट जातंय.

फोन झोळीत ठेवला. दोरी ओढली. झोळी गेली आणि आली. काहीही आवाज नाही. आणखी ओढली. काही नाही. फोनमधून सुमन म्हणाली, अवो, हलवा की.

मी झोळीत वाकलो आणि तोंडानं कुंई-कर्र केलं.

पहिलं जरा माणसासारखं झालं. दुसऱ्यापासून जमलं. लहान झोक्याला बारीक कुंई, मोठ्याला लांब, परतताना कर्र. लय सुटू दिली नाही. नदी डोंगरातून निघते तिथून सुरू केलं, आणि तिसऱ्या कडव्याच्या जागी आवाज वाढवला. पलीकडचं रडणं आधी मोडलं, मग हुंदका राहिला, मग तोही गेला. मी तरी पाच कडवी कुंई-कर्र करत राहिलो.

सुमन अगदी दबक्या आवाजात म्हणाली, झोपली बघा. कडी बेस वाजायलीय. हात लावला न्हाई ते बरं केलाव.

मी म्हणालो, हूं.

दुपारी १.४०.

अट पुन्हा वाचून बघितली. परकं ठिकाण: होतं. एकट्यानं: होतो. आईनं, आजीनं हात लावायचा नाही: लावला नाही. झोपली. म्हणजे मी पास झालो, आणि हे या वहीशिवाय कुणालाही सांगता येत नाही.

निश्चय: १) कडीतलं तेल राखेनं घासून काढणे. मग रोज पाणी शिंपडणे. गंज यायला किती दिवस लागतात ते राजपालला विचारणे, कारण न सांगता. २) तोवर रोज दुपारी एक वाजता फोनपाशी हजर राहणे. सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.